सूक्ष्म छिद्रांचा इतिहास : चित्रफितीपासून मुद्रित मंडलापर्यंत (कोल्हापूरच्या यंत्रकौशल्याच्या संदर्भात)

प्रास्ताविक

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याची प्रथा आहे. या नगरीच्या चित्रपटसृष्टीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी दिग्दर्शक, नट, नेपथ्य, कथानक आणि आश्रयदाते यांचा विपुल परामर्श घेतला आहे. दुसरीकडे शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा, लेथ आणि ऑईल इंजिने यांचा इतिहास उद्योगविषयक लेखनात वेगळा नोंदविला जातो. कलेचा इतिहास आणि यंत्राचा इतिहास असे दोन स्वतंत्र कप्पे आपल्या लेखनात पडले आहेत. या दोहोंना जोडणारा एक अगदी लहान दुवा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तो दुवा म्हणजे पातळ पदार्थात ठराविक अंतरावर पाडलेले सूक्ष्म छिद्र. चित्रफितीच्या दोन्ही कडांना असलेली ही छिद्रे नसती तर पडद्यावरील चित्र स्थिर राहिले नसते; आणि पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील मुद्रित मंडले, ज्यांना व्यवहारात आपण पीसीबी म्हणतो, तीही आज ज्या स्वरूपात आहेत त्या स्वरूपात घडली नसती. छिद्र ही वस्तू नव्हे, वस्तूचा अभाव आहे. कदाचित म्हणूनच इतिहासकाराचे तिकडे लक्ष गेले नसावे.

छिद्राचे गणित

पस्तीस मिलिमीटर रुंदीची चित्रफीत अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत १८९० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाली. तिच्या प्रत्येक चित्रचौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे होती. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी निराळा मार्ग धरला होता. त्यांच्या फितीला प्रत्येक चौकटीमागे प्रत्येक कडेस एकच गोल छिद्र असे. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचे जे खेळ झाले, ते या गोल छिद्राच्या कुळातले. पुढे १९०९ मध्ये पॅरिस येथे चित्रपटनिर्मात्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तेथे एडिसन यांचे माप सर्वमान्य झाले. तत्पूर्वी, १९०८ च्या सुमारास, शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीने फितीला अचूक छिद्रे पाडणारे यंत्र तयार केले होते. मापे कागदावर ठरून भागत नाही. ती लाखो वेळा जशीच्या तशी उतरविणारे यंत्र लागते, हे त्या कंपनीने ओळखले होते.

ही मापे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एका छिद्राच्या आरंभापासून दुसऱ्या छिद्राच्या आरंभापर्यंतचे अंतर ०.१८७ इंच, म्हणजे सुमारे ४.७५ मिलिमीटर. छिद्राची रुंदी ०.११० इंच, म्हणजे २.७९ मिलिमीटर. एका फुटात सोळा चौकटी मावतात. म्हणजे प्रत्येक कडेस चौसष्ट व दोन्ही कडा मिळून एकशे अठ्ठावीस छिद्रे होतात. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. त्या हिशेबाने त्याच्या एका प्रतीत चार लाख त्र्याहत्तर हजारांहून अधिक छिद्रे भरतात. मूळ निगेटिव्ह फितीची छिद्रे यात धरलेली नाहीत.

संख्येपेक्षाही अचूकतेचा प्रश्न कठीण आहे. ज्या फितीवर चित्रण होते ती रासायनिक प्रक्रियेनंतर किंचित आकसते. तिच्यावरून प्रत काढताना दोन फिती एकावर एक ठेवून दातेरी चाकावरून फिरविल्या जातात. बाहेरच्या फितीस थोडे अधिक अंतर कापावे लागते. म्हणून कालांतराने निगेटिव्हच्या छिद्रांतील अंतर ०.१८६६ इंच व प्रतीच्या छिद्रांतील अंतर ०.१८७० इंच असा भेद मान्य करण्यात आला. हा फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा आहे. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या सहा-सात पट भरते. एवढ्या बारीक फरकावर पडद्यावरील राजाचा मुकुट थरथरतो की नाही, हे अवलंबून असते.

पत्र्याला किंवा फितीला छिद्र पाडण्याचे तत्त्व कोल्हापूरच्या कोणत्याही कारागिरास समजावून सांगावे लागत नाही. वर पंच, खाली डाय आणि मध्ये पदार्थ. पंच आणि डायच्या भोकामध्ये प्रत्येक बाजूस पदार्थाच्या जाडीच्या अवघ्या काही टक्के एवढीच फट ठेवायची असते. फट जास्त झाली तर कड फाटते व धसे राहतात. कमी झाली तर पंच अडकतो आणि लवकर झिजतो. फितीची जाडी सुमारे ०.१४ मिलिमीटर. तिच्या पाच टक्के म्हणजे सात सहस्रांश मिलिमीटर. शिवाय पंच पोलादाचा, पाणी दिलेला आणि घासून सरळ केलेला हवा. छिद्रातून पडणारी बारीक टिकली वेळच्या वेळी बाहेर गेली पाहिजे. ती फितीला चिकटली तर चित्रावर ओरखडा उमटतो.

काळोखातील श्रम

आज कच्ची फिल्म छिद्रांसह मिळते, असे आपण गृहीत धरतो. चित्रपटाच्या आरंभकाळी तसे नव्हते. कच्ची फिल्म विनाछिद्र येई व निर्मात्याला स्वतःच ती छिद्रित करून घ्यावी लागे. फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले तेव्हा त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि त्याबरोबरच प्रती छापण्याचे व छिद्रे पाडण्याचे यंत्रही खरेदी केले. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत कॅमेऱ्याचा उल्लेख हमखास येतो. छिद्रयंत्राचा उल्लेख एखाद्या वाक्यात येतो आणि पुढे सरकतो.

हे यंत्र चालविण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. कच्ची फिल्म प्रकाशास संवेदनशील असल्याने हे काम दिवसाच्या उजेडात करता येत नसे. दिवसभर घर आणि कंपनीतील माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधारात छिद्रण, असा त्यांचा क्रम होता. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या होत्या. फाळक्यांना 'जनक' म्हणताना सरस्वतीबाईंना 'सहधर्मचारिणी' म्हणून गौरविण्याची आपली पद्धत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा गौरव अपुरा आहे. त्यांच्या कामाचे स्वरूप पाहता त्यांना भारतातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांमध्ये गणणे अधिक न्याय्य ठरेल. वर दिलेल्या चार लाख त्र्याहत्तर हजार छिद्रांचा हिशेब या विधानाच्या पुष्ट्यर्थच दिला आहे. पत्नीच्या निष्ठेने छिद्रातील अंतर बरोबर येत नाही. त्याला हात आणि सवय लागते.

कोल्हापूरचा कॅमेरा

कोल्हापुरात या कथेची दुसरी बाजू दिसते. आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे चुलत बंधू. घराणे कारागिरांचे. बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकला व चित्रकला यांत निष्णात होते. १९१० नंतरच्या काही वर्षांत या बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून मोठा लौकिक मिळविला व 'पेंटर' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. 'राजा हरिश्चंद्र'ने त्यांना चित्रपटाचे वेड लावले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपकयंत्र मिळविले, चित्रपटांचे खेळ केले आणि त्याच वेळी ते यंत्र खोलून, जोडून, पुन्हा खोलून अभ्यासले. फाळक्यांप्रमाणे विलायतेहून कॅमेरा आणण्याइतके द्रव्य नव्हते. कॅमेरा स्वतः बनविण्याचा निर्धार त्यातून झाला.

आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. तानीबाई कागलकर यांचे अर्थसाहाय्य व राजर्षी शाहू छत्रपतींचा आश्रय यांच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' हा तिचा चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, ती या काळातील.

हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु 'स्वदेशी कॅमेरा' या शब्दप्रयोगाने जो अभिमान जागृत होतो, तो थोडा बाजूला ठेवून कॅमेऱ्याच्या अंतर्भागाकडे पाहिले पाहिजे. कॅमेऱ्याच्या पेटीचे, झडपेचे व भिंगाच्या बैठकीचे काम सुतार व लोहार यांच्या परंपरागत कौशल्यात बसणारे होते. खरी अडचण फीत पुढे सरकविणाऱ्या नखीची. ही नखी फितीच्या छिद्रात शिरते, फीत बरोबर एक चौकट खाली ओढते, छिद्रातून बाहेर पडते आणि पुन्हा वर जाते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडत असे. नखी किंचित लांब असेल तर छिद्राची कड फाटते. किंचित सैल असेल तर चौकटी एकमेकींवर चढतात. म्हणजे कोल्हापूरच्या कारागिराने घडविलेली नखी, पॅरिसच्या परिषदेत मान्य झालेल्या आणि शिकागोच्या यंत्राने रूढ केलेल्या छिद्राशी जुळणे भाग होते. दोन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना कधीच भेटणार नव्हती. त्यांच्यातील एकमेव बोलणे म्हणजे ते छिद्र.

येथे जुन्या प्रक्षेपकयंत्राचे महत्त्व लक्षात येते. प्रक्षेपकाचे दातेरी चाक म्हणजे छिद्रांच्या अंतराची पोलादात कोरलेली नोंदच असते. ज्याच्या हाती ते चाक आहे, त्याला मापांचे पुस्तक लागत नाही. कोणाची अनुमती, कोणाचे शिक्षण वा विलायतेचा प्रवास न करता कोल्हापूरला कॅमेरा घडविता आला, याचे श्रेय बाबूराव व दामले यांच्या प्रतिभेला निःसंशय आहे. पण छिद्राचे माप तोवर जगभर एक झाले होते, ही गोष्टही तितकीच कारणीभूत आहे. ल्युमिएर आणि एडिसन यांची स्पर्धा आणखी वीस वर्षे चालली असती तर जुन्या बाजारातील प्रक्षेपकावरून घडविलेला कॅमेरा बाजारात मिळणाऱ्या फिल्मशी जुळलाच असता, असे म्हणता येत नाही.

ज्या शहराने कॅमेरा घडविला, त्या शहराला फिल्म मात्र घडविता आली नाही. कच्ची फिल्म परदेशातून समुद्रमार्गे येत राहिली. अमेरिकेत १९०८ नंतर काही काळ मोठ्या निर्मात्यांच्या मक्तेदार संघाने ईस्टमन कंपनीशी करार करून आपल्या परवान्याबाहेरच्या निर्मात्यांची फिल्मच रोखून धरली होती. यंत्रावर नव्हे तर त्यात भरावयाच्या फितीवर सत्ता असली की पुरे, हे त्यांना उमगले होते. भारतात दुसऱ्या महायुद्धात याचा प्रत्यय आला. सरकारने १९४२ मध्ये कथापटाची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित केली व लवकरच कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. त्या वेळी कोल्हापुरात चित्रपटगृहे होती, कलावंत होते, कॅमेरे होते. परवान्याची फिल्म तेवढी मोजून मिळत होती. भारतात कच्ची फिल्म बनविण्याचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झाला व त्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले; तोही पुढे बंद पडला. बाबूरावांच्या कॅमेऱ्यापासून तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते. स्वदेशीचा विचार करताना हा अर्धशतकाचा विलंब आपण सहसा मोजत नाही.

छिद्र ऐकू येते

दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा पहिला बोलपट. त्याच्या ध्वनिलेखनाची बाजू दामले यांनी सांभाळली. कॅमेऱ्याच्या नखीशी झगडलेला माणूसच पुढे ध्वनीकडे वळला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

बोलपटात फितीचा वेग सेकंदाला चोवीस चौकटी असा कायम झाला. चोवीस चौकटी म्हणजे प्रत्येक कडेस सेकंदाला शहाण्णव छिद्रे. ध्वनीचा पट्टा चित्र आणि छिद्रे यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत छापला जातो. दातेरी चाकाचा दाता प्रत्येक छिद्रात शिरताना फितीला जो अतिसूक्ष्म हिसका बसतो, तो नीट आवरला नाही तर सेकंदाला शहाण्णव कंपनांचा घरघराट आवाजात मिसळतो. मूकपटात छिद्राचा दोष डोळ्यांना दिसे. बोलपटात तो कानांनाही जाणवू लागला. 'छिद्र' या शब्दाचा आपल्या भाषेत 'दोष' असाही अर्थ आहे. येथे छिद्र हा दोष नसून छिद्रातील दोष हा दोष होता, एवढेच.

मुद्रित मंडलाकडे

ऑस्ट्रियातून लंडनला आलेले अभियंते पॉल आइसलर यांनी १९३६ च्या सुमारास तारांऐवजी तांब्याचे पातळ मुद्रित मार्ग वापरून रेडिओ बनविला. दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रसामग्रीत या तंत्राचा उपयोग झाला व युद्धानंतर ते नागरी वापरात आले. मुद्रित मंडल म्हणजे तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटविलेला निरोधक पत्रा. त्यावर नको असलेले तांबे रसायनाने खाऊन टाकले की मार्ग उरतात. परंतु मार्ग उरले तरी मंडल तयार होत नाही. घटकांचे पाय पलीकडे नेण्यासाठी छिद्रे हवीत. ही छिद्रे साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असतात, आणि एकात्मिक मंडलांच्या पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असते.

स्वस्त रेडिओसाठी कागद आणि फिनॉलिक राळ यांचा पत्रा वापरीत. या पत्र्यात छिद्रे पाडण्याची पद्धत थेट पंच-डायची आहे. पत्रा थोडा गरम करतात, म्हणजे कडा तडकत नाहीत. पंच बाहेर आल्यावर पदार्थ मागे येतो व छिद्र किंचित लहान होते, म्हणून पंच आधीच थोडा मोठा ठेवावा लागतो. एका दाबात शेकडो छिद्रे पडतात. काचतंतू व इपॉक्सी यांचा पत्रा आल्यानंतर मात्र पंच मागे पडला. काचतंतू पंचाची धार खातात, आणि छिद्राच्या आतील भिंत खडबडीत राहिल्याने तिच्यावर तांब्याचा मुलामा नीट बसत नाही. तेथे वेगाने फिरणारे ड्रिल आणि नंतर लेसर आले.

तरीही पंच संपला नाही. बहुस्तरीय सिरॅमिक मंडलांसाठी भाजण्यापूर्वीच्या मऊ सिरॅमिक फितीत, जिची जाडी चित्रफितीच्या जवळपास असते, मिलिमीटरच्या दशांशाएवढी छिद्रे आजही पंचाने पाडतात. एकावर एक थर रचताना ती छिद्रे जुळावीत म्हणून कडेला वेगळी मार्गदर्शक छिद्रे असतात व त्यांत खिळ्या बसवितात. कॅमेऱ्यातील स्थिरखिळीचे हेच कार्य होते. याहून ठळक नाते पुढे जुळले. १९६० नंतरच्या काळात अमेरिकेत सूक्ष्म अर्धवाहक चकत्या लवचीक फितीवर जोडण्याचे तंत्र निघाले, तेव्हा अभियंत्यांनी त्या फितीसाठी पस्तीस मिलिमीटरची रुंदी व कडांना चित्रपटाची दातेरी छिद्रे असाच आराखडा स्वीकारला. फीत सरकविणारी यंत्रे, चाके आणि मापे आयती उपलब्ध होती. सरस्वतीबाईंनी अंधारात ज्या मापाची छिद्रे पाडली, त्याच कुळातील छिद्रे इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या कारखान्यांत पोहोचली.

कोल्हापूर जिल्ह्याच्या इतिहासात छिद्रांची आणखी एक शाखा आहे, तिचा येथे केवळ निर्देश करतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. जॅकार्ड मागावर नक्षी ठरते ती पुठ्ठ्यातील छिद्रांवरून. छिद्र असेल तेथे सूत उचलले जाते, नसेल तेथे नाही. छिद्राला आज्ञेचा अर्थ देण्याची ही कल्पना संगणकाच्या इतिहासात सुपरिचित आहे. तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

साधनांचा प्रश्न

खरी कॉर्नर येथे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्मृत्यर्थ उभारलेल्या स्तंभावर कॅमेरा आहे. ते योग्यच आहे. तथापि कॅमेऱ्यामागची उपसाधने, म्हणजे पंच, डाय, दातेरी चाके, प्रती छापण्याची यंत्रे, धुलाईच्या चौकटी, यांचा संग्रह करण्याकडे आपण दुर्लक्ष केले. जुन्या कंपन्यांच्या खतावण्यांत कच्ची फिल्म, पोलाद, दुरुस्ती व मजुरी यांच्या नोंदी असतात. चित्रपटाच्या अभ्यासकाला त्या रुक्ष वाटतात आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला क्षुल्लक. उद्यमनगरातील डाय बनविणाऱ्या ज्येष्ठ कारागिरांच्या मुलाखती इतिहास व इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही विभागांतील अध्यापकांनी एकत्र बसून घेतल्या तर हा कप्पा काही प्रमाणात भरता येईल. प्रश्नावलीत पहिला प्रश्न पंच आणि डाय यांतील फटीचा असावा, अशी सूचना करावीशी वाटते. अनुभवी कारागीर ती फट मोजपट्टीने सांगत नाही. पंच डायमध्ये उतरताना होणाऱ्या आवाजावरून सांगतो.